वाढत्या अंगाचं विमान

आपल्याकडे कपडे घेण्याचा एक नियम आहे. वाढत्या अंगाचे घ्यायचे. जूनमध्ये युनिफॉर्म घ्यायला गेलं आणि दुकानदाराने बरोबर मापाचा शर्ट काढला, की आई म्हणणार, "हा नको, दोन नंबर मोठा दाखवा." मग पहिलं वर्ष बाह्या दुमडण्यात जातं, आणि शर्ट अंगाला नीट बसायला लागतो तेव्हा त्याची कॉलर विरलेली असते. आख्ख्या मध्यमवर्गाची खरेदी याच नियमावर चालते. फ्रिज एक साइझ मोठा, फ्लॅट एक बेडरूम जास्त, लॅपटॉप 'पुढची पाच वर्षं बघायला नको' असा. आमच्या धंद्यात याला फ्यूचर-प्रूफ म्हणतात आणि त्याची प्रेझेंटेशन्स करतात.

तर मंडळी, आजचं माझं म्हणणं एवढंच, की पहिलं विमान घेताना हा नियम पाळू नये.

हो, विमानच. हसून झालं असेल तर पुढे वाचा. मी सॅन होजेच्या आसपास नोकरी करतो. शनिवारी सकाळी क्रिकेट खेळणारे जितके मराठी लोक इथे भेटतात तितके नाही, पण विमान चालवायला शिकणारेही अधूनमधून भेटतात. आणि अमेरिकेत छोटं, जुनं विमान ही काही फक्त अंबानींनी घ्यायची वस्तू नाही. सत्तरच्या दशकातलं दोन सीटचं सेस्ना १५० साधारण तीस-चाळीस हजार डॉलरला मिळतं. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याहून महागड्या टेस्ला ओळीने उभ्या असतात. त्यामुळे इन्स्ट्रक्टरबरोबर वीस-पंचवीस तास उडून झाले, क्रेडिट कार्डावर भाड्याची बिलं दिसायला लागली, की प्रत्येकाच्या डोक्यात तोच किडा वळवळतो. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा स्वतःचंच घेतलं तर? (घराबद्दल हेच वाक्य ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे ते पटायला वेळ लागत नाही.)

माझा एक मित्र सध्या याच अवस्थेत आहे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, दोन लहान मुलं. अजून सोलो झालेला नाही. म्हणजे एकट्याने उड्डाण करून विमान परत खाली आणलेलं नाही. पण एक्सेल शीट तयार आहे. त्यात सतरा विमानं, प्रत्येकाला स्पीड, रेंज, सीट, वजन, पेट्रोल आणि शेवटी वेटेड स्कोअर. स्कोअरमध्ये पहिला नंबर सिरस एसआर २२ चा, दुसरा बीचक्राफ्ट बोनान्झाचा. सेस्ना १७२ बरंच खाली आणि १५० तर शीटमध्येच नाही.

"अरे, पण तू अजून शिकतोयस," मी म्हटलं.

"म्हणूनच! एकदाच घ्यायचं, नीट घ्यायचं. दोन वर्षांनी परत विका, परत घ्या, परत टॅक्स भरा... कशाला?"

त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कॅलिफोर्नियात विमान घेतलं की सेल्स किंवा यूज टॅक्स भरावा लागतो, वर कौंटी दरवर्षी विमानावर प्रॉपर्टी टॅक्स लावते ती वेगळीच. दोनदा खरेदी म्हणजे दोनदा तो ताप. पण हे गणित विमानाच्या किमतीपुरतं आहे, आणि विमानाची किंमत हा विमानाचा सगळ्यात छोटा खर्च असतो. कसं ते सांगतो.

समजा, हँगर किंवा उघड्यावर दोरीने बांधून ठेवायची जागा, विमा, वार्षिक तपासणी आणि कौंटीचा टॅक्स, सगळं मिळून वर्षाला आठ हजार डॉलर धरले. आकडा सोयीसाठी धरलाय; सिरस घेतलं तर तो केवढा फुगेल ते तुम्हीच ठरवा. हे पैसे विमान हललं नाही तरी जातात. वर्षाला शंभर तास उडालात तर तासाला ऐंशी डॉलर पडले. चाळीस तास उडालात तर दोनशे. त्यावर पेट्रोल. सेस्ना १५० तासाला सहाएक गॅलन पितं, १७२ आठ-नऊ, एसआर २२ पंधराच्या पुढे. त्यावर इंजिनासाठी बाजूला टाकायचे पैसे. या छोट्या विमानांमधलं लायकमिंगचं ओ-३२० इंजिन साधारण २००० तासांनी पूर्ण उघडून नवं करावं, असं कंपनी सांगते, आणि ते काम निघालं की तीस हजार डॉलरच्या खाली विचारही करू नका. आता तुमचं तुम्हीच सांगा, नोकरी, दोन मुलं, रविवारचा मराठी शाळेचा वर्ग आणि बे एरियातलं सकाळचं धुकं यातून वर्षाला शंभर तास निघतात का? माझे निघत नाहीत. मला तर मुलंही नाहीत.

म्हणजे प्रश्न 'कुठलं विमान परवडेल' असा नाहीच. कुठलं विमान दर आठवड्याला हँगरमधून बाहेर काढायला हात कचरणार नाही, हा खरा प्रश्न आहे. शिकणाऱ्याला तास लागतात, बाकी काही लागत नाही. खाजगी लायसन्ससाठी इथल्या एफएएचा किमान नियम ४० तासांचा आहे, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ६०-७० सहज लागतात. आणि हे तास काय भारी प्रवासाचे नसतात हो. एकाच धावपट्टीभोवती आयताकृती चकरा मारायच्या. वर जा, वळा, वळा, वळा, खाली या, आपटा, परत वर जा. आपटा हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. सेस्ना १७२ ची मागची चाकं स्प्रिंग स्टीलच्या पायांवर बसवलेली असतात, त्यामुळे आपण आपटलो तरी ते बिचारं दोनदा उसळतं आणि शांत होतं. हा त्या विमानाचा मोठेपणा आहे. एक्सेलमध्ये त्याला कॉलम नव्हता.

आता वेगाबद्दल. १७२ धावपट्टीकडे येतं ते साधारण ६५ नॉटने, एसआर २२ जवळपास ८० नॉटने. पंधरा नॉटचा तर फरक, असं वाटतं. पण बारावीचं फिजिक्स आठवा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० भागिले ६५, त्याचा वर्ग केला तर दीड येतो. म्हणजे प्रत्येक किलोमागे दीडपट ऊर्जा त्या धावपट्टीवर जिरवायची आहे, आणि एसआर २२ चे किलोही जास्त आहेत. पण जमिनीवरची ऊर्जा राहू द्या, डोक्यातल्या वेळेचा फरक जास्त मोठा आहे. इथले वैमानिक म्हणतात की तू विमानाच्या मागे पडलास. विमान पुढे गेलं, तुझं डोकं अजून मागच्या वळणावर आहे. प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीला मागे पडतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सेस्ना १५० मध्ये शंभर हॉर्सपॉवर असते, त्यामुळे ते विमान तुम्हाला गाठायला वेळ देतं. एसआर २२ मध्ये ३१० असते. ते थांबत नाही. बोनान्झाला तर वर चाकं आत-बाहेर करायची आणि प्रॉपेलरचा पिच बदलायचा. त्यासाठी लायसन्सवर इन्स्ट्रक्टरची वेगळी मंजुरी लागते. चाकं न उघडता उतरलेले आणि अजून उतरायचे राहिलेले, अशा दोनच प्रकारचे वैमानिक असतात, हा इथला जुना विनोद आहे.

शंभर हॉर्सपॉवर ऐकून मित्राने नाक मुरडलं होतं. त्याला मी सांगितलं की १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमध्ये, आणि त्यातही एकच इंजिन होतं, साधारण १२० हॉर्सपॉवरचं. त्यावर तो म्हणाला, "त्यांच्या मागे सीटवर दोन पोरं भांडत नव्हती." हे मात्र बरोबर आहे.

बोनान्झाचं एक टोपणनाव आहे, 'डॉक्टर किलर'. व्ही आकाराच्या शेपटीचं, दिसायला देखणं, वेगवान. १९४७ पासून १९८२ पर्यंत ते त्या शेपटीसकट बनत होतं. ज्यांच्याकडे पैसे भरपूर आणि सरावाला वेळ कमी, असे लोक ते घेत. तेव्हा अमेरिकेत असे लोक म्हणजे डॉक्टर. आज असे लोक कोण, हे मी सांगायची गरज नाही. आपण आरशात बघावं.

१६ जुलै १९९९ ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा, जॉन केनेडी ज्युनिअर, बायको आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्डला निघाला. रात्र, खाली समुद्र, हवेत धुरकट थर, क्षितिज दिसत नव्हतं. विमान समुद्रात पडलं, तिघेही गेले. तो काही नवशिका नव्हता. सव्वा वर्षापासून लायसन्स होतं, एकूण अनुभव ३१० तासांच्या आसपास. आधी त्याच्याकडे सेस्ना १८२ होतं आणि त्याच वर्षी त्याने पायपर साराटोगा घेतलं होतं, ३०० हॉर्सपॉवर, आत-बाहेर होणारी चाकं. चौकशी अहवालात एक आकडा आहे तो मी विसरू शकत नाही. त्या विमानात त्याचे सुमारे ३६ तास झाले होते, पण त्यातले इन्स्ट्रक्टर शेजारी नसतानाचे फक्त तीनेक. अहवालाने दोष विमानाला दिलेला नाही, दिशाभ्रमाला दिलाय. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं सांगायला लागतो आणि माणूस वळत वळत खाली जातो. हे १७२ मध्येही होऊ शकतं, हे कबूल करायला हवं. पण वेगवान, निसरड्या विमानात नाक एकदा खाली गेलं की वेग भराभर चढतो आणि सावरायला मिळणारी सेकंदं कमी होतात. इतकंच माझं म्हणणं.

"सिरसला पॅराशूट आहे," मित्राचं पुढचं वाक्य. आहे, आणि त्याने बरीच माणसं वाचवलीत, त्यात वादच नाही. आख्खं विमान पॅराशूटला लटकून खाली येतं, ही इंजिनिअरिंगमधली मला फार आवडणारी गोष्ट आहे. पण ते हँडल ओढायचा निर्णय माणसाला घ्यावा लागतो, वेळेत, आणि मागे पडलेलं डोकं निर्णयही उशिराच घेतं. शिवाय विमा कंपन्या आपल्यासारख्या भावनाप्रधान नसतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एकूण तास किती, या मॉडेलमध्ये किती, चाकं आत जाणाऱ्या विमानात किती. मित्राची तिन्ही उत्तरं मिळून तीसही होत नाहीत. अशा माणसाला मोठ्या विमानासाठी एक तर नाही म्हणतात, नाहीतर इतके इतके तास इन्स्ट्रक्टर घेऊन उडाल्याशिवाय एकट्याने बसायचं नाही अशी अट घालून भरभक्कम हप्ता लावतात. मला विचाराल तर विम्याचा दलाल हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात प्रामाणिक माणूस. विमान बघायला जायच्या आधी त्याला फोन करावा.

बरं, मग उलट टोकाला जाऊन सगळ्यात छोटंच घ्यावं का? तेही नाही. सेस्ना १५० चं कमाल वजन १६०० पौंड, त्यातलं रिकाम्या विमानाचंच अकराशेच्या आसपास. टाकी भरली की साधारण १६५ किलो उरतात. त्यात इन्स्ट्रक्टर आणि तुम्ही. दोघंही खाऊन-पिऊन सुखी असाल तर दिवाळीच्या फराळाचा डबासुद्धा जमिनीवर ठेवावा लागतो, आणि हा विनोद नाही, कारण जास्त वजन घेऊन उन्हाळ्याच्या दुपारी साऊथ लेक ताहोला, सव्वासहा हजार फुटांवर, १५० घेऊन जाणं म्हणजे पातळ हवेत लोणचं घालून घेणं. चार सीटच्या १७२ चंही तसंच. चार सीट म्हणजे चार मोठी माणसं, पूर्ण टाकी आणि बॅगा असा अर्थ नाही. मोठ्या माणसांच्या तीन आणि चौथ्या सीटवर सामान, असा हिशेब धरावा.

म्हणून मी मित्राला एकच विचारलं. पुढच्या बारा महिन्यांत तू नक्की काय उडणार आहेस? पाच वर्षांनी काय, ते नको. इथले लोक याला 'मिशन' म्हणतात. त्याच्या डोक्यातलं मिशन होतं बायको-मुलांना घेऊन वेगास, डिस्नेलँड, ताहो. प्रत्यक्षातलं बारा महिन्यांचं मिशन आहे धावपट्टीभोवतीच्या चकरा, लिव्हरमोर, वॉटसनव्हिल, फार तर माँटेरे, आणि शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर. मुलं पहिल्यांदा आत बसतील तोवर दीड वर्ष गेलेलं असेल. तोपर्यंत माणूस बदललेला असतो. कुणाला डोंगरात जावंसं वाटतं, कुणाला कसरती कराव्याशा वाटतात, कुणी चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं वाचून गॅरेजमध्ये स्वतःच रिव्हेट ठोकायला लागतो. आणि कुणाच्या लक्षात येतं की आपल्याला लायसन्स हवं होतं, उडणं नव्हे! अशांनी सहा महिन्यांत विमान विकायला काढलेलं असतं. जुनं १७२ तेव्हाही हातोहात जातं, कारण ४४ हजारांहून जास्त बनलेत, प्रत्येक मेकॅनिक ते ओळखतो आणि सुटे भाग मिळतात.

"पण पन्नास वर्षं जुनं विमान?" हा प्रश्न मला खुद्द आईने फोनवर विचारला होता. (त्याच्या आधीचा प्रश्न "आधी फ्लॅट बघ की" हा होता, पण तो प्रश्न नव्हे.) त्याला एक इतिहास आहे. १९८६ मध्ये सेस्नाने ही छोटी विमानं बनवणं थांबवलं, कारण जुन्या विमानाला अपघात झाला तरी दशकांनंतर कंपनीवर दावे होत होते. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की साधारण अठरा वर्षांनंतर बनवणाऱ्यावर असा दावा नाही, मग १९९६ ला १७२ परत सुरू झालं. नवं आज चार लाख डॉलरच्या पुढे आहे. तेव्हा आपल्यासारख्यांच्या बाजारात आहेत ती त्या बंदीच्या आधीचीच. जुनं असण्याची भीती मला फार नाही, कारण कायद्याने दर बारा महिन्यांनी अधिकृत मेकॅनिक विमान उघडून तपासतो. तुमच्या-माझ्या गाडीचं असं कुणी करत नाही.

भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगावी, आणि ती आपल्या संस्कारांच्या बरोबर उलट आहे. 'सिंगल ओनर, कमी चाललेली, कव्हर घालून ठेवलेली' हे वाचून आपण सेकंडहँड गाडी घ्यायला धावतो. विमानात अशी जाहिरात दिसली की मला घाम फुटतो. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, दमट हवेने त्याला गंज चढतो, आणि मग सुरू केल्यावर तो गंजच कानशीसारखा धातू खातो. 'ओव्हरहॉलनंतर फक्त ४०० तास' ही ओळ छान दिसते, पण ओव्हरहॉल १९९८ चा असेल तर त्या इंजिनाने वर्षाला जेमतेम पंधरा तास काम केलंय. त्यापेक्षा १४०० तास झालेलं, पण दर आठवड्याला उडणारं फ्लाइंग स्कूलचं विमान मी डोळे झाकून... बरं, डोळे उघडे ठेवून घेईन. डोळ्यांनी लॉगबुकं वाचायची असतात. लॉगबुक म्हणजे विमानाचा सातबारा. पहिल्या दिवसापासून प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक अपघात, प्रत्येक बदललेला भाग. मधली दहा वर्षं गायब असतील तर तिथेच थांबावं. कर्जाचा बोजा आहे का ते ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीत शोधून मिळतं, ते फ्लॅटच्या सर्च रिपोर्टसारखंच. आणि तपासणीचा मेकॅनिक आपला हवा, विकणाऱ्याचा नको. त्याने कॉम्प्रेशन बघावं, सिलिंडरमध्ये कॅमेरा घालावा, ऑइल फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का बघावं.

शिवाय एफएएचे सक्तीचे आदेश असतात, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. सेस्नाच्या सीटच्या रुळांचाच घ्या. रूळ झिजले की टेक-ऑफच्या वेळी सीट मागे घसरू शकतं, वैमानिक आधारासाठी हातातलं योक घट्ट धरतो, आणि विमानाचं नाक आकाशाकडे! म्हणून रुळांची भोकं मोजून तपासायची असतात. पायपरचं एक जास्त गंभीर आहे. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडात डेटोना बीचजवळ शिकाऊ उड्डाणात एका पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला, दोघं गेले. कारण मेटल फटीग. त्यानंतर २०२१ च्या सुरुवातीपासून पीए-२८ कुटुंबातल्या काही मॉडेलना ठरावीक तासांनंतर पंखाच्या मुख्य तुळईची एडी करंट तपासणी सक्तीची झाली. पायपर वाईट असं मी म्हणत नाही, चेरोकी हे विद्यार्थ्यासाठी १७२ इतकंच चांगलं विमान आहे. पण विचारा. कागद बघा.

आता खास आपल्या लोकांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या एच-वन-बी वाल्यांसाठी. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून सांगतो. शिकायला बंदी नाही. नागरिक नसलेल्याला आधी टीएसएची मंजुरी लागते, बोटांचे ठसे वगैरे, ते होतं. पण विमान स्वतःच्या नावावर रजिस्टर होत नाही! अमेरिकन नंबर मिळण्यासाठी मालक व्यक्ती असेल तर ती नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली लागते. तीन मित्रांनी मिळून घेतलं आणि त्यातला एक व्हिसावर असेल तरी रजिस्ट्रेशन अडतं. ट्रस्ट करून त्याच्या नावावर ठेवायचा मार्ग आहे, त्याचे वकील आहेत, त्यांची फी आहे. 'तुझ्या नावावर घे, पैसे निम्मे माझे' हा देशी तोडगा मात्र करू नका. कागदावर तुमचं काहीच नसेल आणि विम्यात तुमचं नाव नसेल, तर ज्या दिवशी नाकाचं चाक वाकेल त्या दिवशी मैत्रीही वाकेल. आणि समजा ट्रस्ट केलाच, तरी नोकरी गेल्यावर आपल्या हातात साठ दिवस असतात. साठ दिवसांत घर आवरायचं, गाडी विकायची, आणि विमानही? गाडी संध्याकाळपर्यंत विकली जाते. विमानाला गिऱ्हाईक, त्याचा मेकॅनिक, त्याची तपासणी, त्याचं कर्ज... त्यात महिना-दोन महिने सहज जातात. म्हणजे आपल्यासाठी वाढत्या अंगाचं विमान सोडाच, सध्या मापाचंही नको.

ग्रीन कार्डवाल्या मित्राचं वेगळं. त्याने घ्यावं, फक्त १७२ किंवा चेरोकी घ्यावं, शक्यतो एका भागीदाराबरोबर, म्हणजे खर्च अर्धा आणि विमान दुप्पट हलतं. शीटमध्ये त्याने आता 'आठवड्याला किती वेळा उडेन' हा कॉलम घातलाय आणि सिरस सातव्या नंबरवर गेलंय. बोनान्झा अजून दुसरंच आहे, त्याचं वेटेज त्याने गुपचूप वाढवलंय असा मला संशय आहे.

मी फ्लाइंग क्लबात आहे. महिन्याची वर्गणी, उडालो तितक्या तासांचं बिल, आणि इंजिनाची काळजी कमिटीला. गैरसोय एकच. चांगल्या हवेच्या शनिवारचे स्लॉट तत्काळच्या तिकिटांसारखे उडतात. येत्या शनिवारी आठ ते अकरा १७२ माझ्या नावावर आहे. हाफ मून बेला धुकं नसलं तर तिकडे नाश्त्याला, असलं तर लिव्हरमोर.